उरलेली फीत

एका माणसानं अख्ख्या जळगाव जिल्ह्याला, निम्म्या धुळ्यासकट, कुणालाही न विचारता इंग्रजी धडधडाट ऐकवला, आणि तोही आरत्या-भजनांच्या शेपटीला बांधून, असं मी सांगू लागलो की आमच्या घरचे लोक एकमेकांकडे बघतात. मला रंगवून सांगायची खोड आहे, मान्य. पण या गोष्टीत रंग मला भरावा लागला नाही. तो त्या गृहस्थांनीच भरून ठेवला होता, साठ मिनिटांच्या कॅसेटीत, उरलेल्या जागेत.

हे गृहस्थ माझे घरमालक. जळगाव स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर त्यांचं रेकॉर्डिंग सेंटर होतं आणि सेंटरच्या डोक्यावर माझी खोली. मी पाटबंधारे खात्यातला नवा कारकून, मूळचा नगरकडचा, वय चोवीस. सत्त्याऐंशी साल असावं. खानदेशात जो तो समोरच्याला भाऊ म्हणतो, तसं मीही त्यांना भाऊ म्हणे. ते मला साहेब म्हणत. माझ्या हाताखाली एक टेबल आणि एक डगमगती खुर्ची एवढीच माणसं आहेत हे ठाऊक असूनही साहेबच म्हणत.

रेकॉर्डिंग सेंटर म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. तेव्हा लोक गाण्यांची यादी घेऊन दुकानात येत. दुकानदाराकडे तबकड्या असत. तो तबकडी लावून एकेक गाणं कोऱ्या कॅसेटवर उतरवून देई. तासाची कॅसेट भरायला तास लागे, त्यात कुठली लबाडी चालत नसे. आता गंमत अशी की यादी संपली तरी कॅसेट संपत नाही. कधी दोन मिनिटं उरतात, कधी चार. इतर दुकानदार ती फीत तशीच कोरी सोडत. भाऊंना ते सोसत नसे. गिऱ्हाइकाला कोरी फीत देणं म्हणजे पाहुण्याला अर्धा कप चहा देणं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून उरलेल्या जागेत ते त्या बँडचं गाणं भरत.

बँडचं नाव मी सांगणार नाही. त्याला कारण आहे, ते शेवटी येईल. तसंही सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. त्यांच्या स्वतःच्या गावातही फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. इंग्लंडातल्या एका कारखान्यांच्या गावातली ही चार माणसं. त्यांच्या संगीताला हेवी मेटल म्हणतात. दोन गिटारी एकमेकींच्या झिंज्या धरतात, मागून ढोलवाला दोघींना बडवतो, आणि त्या सगळ्याच्या वर एक माणूस बैलगाडीखाली पाय सापडल्यासारखा ओरडतो. मी नाट्यपदांवर वाढलेला माणूस. मला हे वर्णन याहून सभ्य करता येत नाही.

भाऊंकडे त्यांची एकच तबकडी होती. त्यावर सात गाणी. कुठलं गाणं किती मिनिटं, किती सेकंदांचं, हे त्यांना तोंडपाठ. उरलेली फीत बघून ते गाणं निवडत. फारच थोडी जागा असली तर गाण्याचा नुसता सुरुवातीचा भाग देत आणि मग आवाज हळूहळू बारीक करत नेत.

कॅसेटबरोबरच्या कागदावर ते वळणदार अक्षरात गाण्यांची यादी लिहीत. हे शेवटचं गाणं मात्र त्या यादीत कधीच नसे. मी एकदा कारण विचारलं.

“ज्याला हवं असेल तो येऊन विचारेल,” ते म्हणाले.

म्हणजे हा सगळा खटाटोप एवढ्यासाठी होता. कुणीतरी एकानं त्या दुकानाची पायरी चढावी आणि म्हणावं, भाऊ, शेवटी ते काय होतं? अजून आहे का? पाच-सहा वर्षं ते वाट बघत होते. मी आलो तोवर एकही आला नव्हता.

तक्रार घेऊन मात्र येत. अमळनेरचे एक आबा कॅसेट धोतराच्या सोग्यात बांधून आले होते, साप पकडून आणावा तशी. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. आरतीसाठी यंत्र लावलं. आरती संपली, सगळे डोळे मिटून हात जोडून उभे, आणि यंत्र बंद करायचं राहिलं.

“आरती व्हयनी, मंग हाई काय सुरू व्हयनं, भाऊ?” आबा म्हणाले. “देवबी घाबरना व्हई.”

भाऊंनी शांतपणे विचारलं, “पूर्ण ऐकलं का?”

“पूर्ण कसाले ऐकसू?”

“मग तक्रार अर्धीच धरतो.”

हा त्यांचा नियम होता. गाणं पूर्ण ऐकून तक्रार केली तर पूर्ण तक्रार, नाहीतर अर्धी. अर्ध्या तक्रारीत ते कॅसेट पुन्हा भरून देत आणि शेवटी त्याच बँडचं दुसरं, जरा सौम्य गाणं टाकत. त्या सातांत एक संथ गाणं होतं, तेवढ्यासाठी. पूर्ण तक्रार कुणी केलीच नाही, त्यामुळे त्यात काय मिळत असे हे कुणालाच माहीत नव्हतं. आबा आशीर्वाद देऊन गेले. पुढच्या सत्यनारायणाला त्यांनी बहुधा प्रसादाआधीच यंत्र बंद केलं असेल.

असं संगीत ऐकणारा माणूस तुमच्या डोळ्यांपुढे कसा येतो मला माहीत नाही. भाऊ बुटके, सडपातळ, डोक्याला तेल, पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, मे महिन्यातसुद्धा. जळगावचा मे महिना ज्यानं काढला नाही त्याला या बटणांची किंमत कळायची नाही. त्यात भरणं चालू असलं की ते पंखा बंद करत, कारण पंख्याची घरघर कॅसेटीत उतरते. दाराला जाड पडदा. आत भट्टी. आणि हा माणूस लाकडी स्टुलावर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसल्यासारखा ते आकांडतांडव ऐके. मान हलत नसे, पाय हलत नसे. गाणं संपलं की कापसाच्या बोळ्यानं यंत्राचं हेड, म्हणजे फीत घासत जाते तो तुकडा, पुसायचं आणि पुढची यादी घ्यायची.

उन्हाळ्यात बाकीच्या तबकड्या फळीवर वाकड्या झाल्या तरी चालत. ही एक तेवढी पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी, ओल्या फडक्याच्या आडोशाला उभी असे. तिच्या काळ्या पाकिटावर जळती पवनचक्की काढलेली होती. ती त्या चौघांपैकीच कुणी काढली असावी, कारण ती वठलेल्या पिंपळासारखी दिसे.

ती जळगावला कशी आली? मुंबईच्या जुन्या बाजारातून भाऊ गोणीनं तबकड्या आणत. एका गोणीत ही निघाली. भाऊंची बायको त्याच्या आधी दोनेक महिने वारली होती. मूलबाळ नव्हतं. घरात माणसांचा राबता होता आणि जो येई तो मऊ आवाजात बोलून जाई. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, खानावळीत, शेवभाजीच्या ताटाकडे बघत. एरवी माझ्याशी ते शहरी मराठी बोलत. पण पुढचं वाक्य अहिराणीत आलं.

“बठ्ठा समजाडी गयात,” ते म्हणाले. “या चौघं समजाडतस नही.”

सगळे समजूत घालून गेले, हे चौघे घालत नाहीत. एवढं बोलून त्यांनी भाकरी कुस्करली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, भाऊ, आज रस्सा झणझणीत आहे.

दुकान दुपारी एक ते चार बंद असे. त्या वेळात पडदा ओढून ते स्वतःसाठी तबकडी लावत आणि माझ्या सुट्टीच्या दिवसाची झोप मोडत. मग मी पितळी तांब्या घेई आणि त्याच्या बुडानं फरशीवर तीनदा ठोके. लगेच आवाज कमी होई. तीन वर्षं हा तांब्या आमच्यातला टेलिफोन होता.

तबकडीच्या पाकिटामागे एक पत्ता चिकटवलेला होता. भाऊंनी त्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं होतं आणि चक्क उत्तर आलं होतं. मी राहायला आलो आणि माझं इंग्रजी बरं आहे हे कळल्यावर तो पत्रव्यवहार माझ्याकडे सोपवण्यात आला. पत्रं लिहिणारा त्या बँडातला जाड आवाजाची गिटार वाजवणारा. तो दिवसा स्प्रिंगांच्या कारखान्यात खोकी बांधायचं काम करी आणि बँडचं सगळं टपाल त्याच्या स्वयंपाकघराच्या टेबलावरून निघे. पत्रं कारखान्याच्या रद्दी फॉर्मांच्या पाठीवर लिहिलेली, कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा.

त्या पत्रांतून मला ती चार माणसं आमच्या ऑफिसातल्या लोकांपेक्षा जास्त कळली. गाणारा एका शाळेत शिपाई होता, घंटा देई. ढोलवाला लाँड्रीची गाडी चालवी. कुठे कार्यक्रम असला की त्याच गाडीतून जायचं, ढोल इस्पितळाच्या चादरींत गुंडाळून. एकदा एका मोठ्या कंपनीचा माणूस लंडनहून आला. म्हणाला, तबकडी काढतो, पण गाणारा बदला. यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि आपापल्या खिशातून पैसे घालून स्वतःच तबकडी काढली. ती दुकानांत नव्हतीच. कार्यक्रम संपला की गाडीचं मागचं दार उघडून विकत, चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवून.

“योग्य केलं,” भाऊ म्हणाले. “लिहा. योग्य केलं असं लिहा.”

दर मंगळवारी ते चौघे एका प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत सराव करत. पलीकडे एक म्हातारी एकटी राही. ती झाडूच्या दांड्यानं भिंत ठोके. म्हणून त्यांनी एक संथ गाणं बसवलं, फक्त तिच्यासाठी. तेच ते आमचं अर्ध्या तक्रारीचं गाणं. म्हातारीनं तेही ठोकलं.

भाऊ मराठीत मजकूर सांगत, मी इंग्रजीत उतरवी. “तुमच्याकडे सर्व कुशल असेल” इथून सुरुवात. मग गाणाऱ्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी. मग संगीत. त्यांचे ढोलवाले टिकत नसत. लाँड्रीवाला तिसरा, तोही सोडून गेला तेव्हा भाऊ दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एक सल्ला लिहायला लावला: पुढच्या ढोलवाल्याचं लग्न गावातल्याच मुलीशी लावून द्या, म्हणजे तो गाव सोडणार नाही. उत्तर आलं की चौथा मिळाला आहे, पण आधीचे तिघे लग्नामुळेच गेले. भाऊंनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “तिकडे बायका उलट्या आहेत.”

आता मुख्य गोष्ट. माझ्या येण्याआधी कधीतरी भाऊंनी त्यांना लिहून टाकलं होतं की आमच्याकडे गावोगाव लोक तुमची गाणी ऐकतात. ते अगदीच खोटं नव्हतं. सावद्यापासून धुळ्यापर्यंत घराघरात ती गाणी पडलेली होतीच. स्प्रिंगवाल्यानं ते मनात ठेवलं होतं. एकोणनव्वदच्या पावसाळ्यानंतर त्याचं पत्र आलं. लिहिलं होतं, आता कार्यक्रम मिळत नाहीत. आम्ही नाताळात चौघं बसणार आहोत. दुसऱ्या तबकडीची गाणी तयार आहेत, पण बाकीचे तिघे म्हणतात ऐकणार कोण, बंद करू. तुमच्या त्या गावांतल्या एका माणसाचं पत्र पाठवा. एकच पुरे. मी ते टेबलावर ठेवीन.

मी वाचून थांबलो. भाऊ हेड पुसत होते. पुसून स्वच्छ झालं तरी पुसतच राहिले.

पुढच्या रविवारपासून आम्ही निघालो. यादी होतीच, ऑर्डरीच्या वहीत गिऱ्हाइकांचे गावपत्ते होते. एसटीत भाऊ खिडकीशी, मांडीवर पिशवी, पिशवीत कोरे कागद आणि दोन पेनं, एखादं बंद पडलं तर म्हणून. दारात उभं राहून ते विचारत, “कॅसेटच्या शेवटी जे आहे ते ऐकलं का?” नशिराबादला एका घरात ते ऐकल्याबरोबर माफी मागायला लागले, त्यांना वाटलं कॅसेट त्यांच्याकडून बिघडली आणि दुकानदार जाब विचारायला आला. दुसऱ्या घरी त्यावर नातवाचं बोबडं बोलणं भरून घेतलं होतं. ते आम्हाला कौतुकानं ऐकवलं, दोनदा. अमळनेरच्या आबांकडे जायचं मीच टाळलं.

सावद्याला मात्र एका केळीवाल्या नानांनी भाऊंचे दोन्ही हात धरले.

“तुमचं ते गाणं रोज लावतो, भाऊ,” ते म्हणाले.

भाऊंचा चेहरा मी तेव्हा बघितला. पिशवीत कागदासाठी हात गेलासुद्धा.

“बागेत खांबाला यंत्र टांगून देतो,” नाना म्हणाले, “आता डुकरं फिरकतच नाही. शेजारचा मागून राह्यला, त्यालेबी भरून द्या एक.”

मला हसू आवरेना. मी खोकल्याचं सोंग आणून विहिरीकडे गेलो. भाऊंनी शेजाऱ्याची ऑर्डर लिहून घेतली. परतीच्या एसटीत मी म्हणालो, लिहू या की हे, इंग्रज खूश होईल. भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्यानं ऐकणाऱ्याचं पत्र मागितलंय, साहेब. पळणाऱ्यांचं नाही.”

चार रविवार गेले. नाताळ जवळ आला. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक उद्योग केला. ऑफिसच्या टेबलावर बसून सावद्याच्या एका काल्पनिक शेतकऱ्याचं पत्र लिहिलं. काय पत्र होतं! केळीच्या घडांवर चांदणं होतं, पाटाचं पाणी होतं, आणि ते गाणं ऐकून त्या शेतकऱ्याच्या अंगावर उभा राहिलेला काटा होता. संध्याकाळी ते मी भाऊंना मराठीत हातवारे करून वाचून दाखवलं. भाऊ हसले. तीन वर्षांत मी त्यांना तेव्हा प्रथम हसताना बघितलं. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

“मी. दुसरं कोण?”

“मग तुमच्या नावानं पाठवा.”

मी कागदाची घडी घालू लागलो.

“तुम्ही तीन वर्षं ऐकता आहात,” ते म्हणाले. “माझ्याखेरीज तुम्हीच आहात ऐकलेले. काटा नको, चांदणं नको. आवडतं एवढं लिहा.”

एखादा भला माणूस असता तर त्यानं लिहिलं असतं. मी सावद्याच्या माणसाच्या नावानं हवं तेवढं खोटं बोलायला तयार होतो. पण स्वतःच्या नावावर आलं आणि मला अचानक सत्याचा पुळका आला.

“भाऊ, मला नाही आवडत,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. “बरोबर,” म्हणाले, “मग नका लिहू,” आणि चहा ओतला. माझा कप काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं पत्र सांगितलं. ते मला अजून पाठ आहे. ‘मी तुम्हाला लिहिले होते की गावोगाव ऐकतात. मी जाऊन पाहिले. तुमची गाणी गावोगाव पोचली आहेत, पण कोणी ऐकत नाही. मला दोन्ही एकच वाटले, ती माझी चूक. ऐकणारा मी एकटा आहे. आपण बसून विचार करावा. आईच्या गुडघ्याला जपावे.’ मी उतरवून दिलं. पोस्टात टाकायला ते स्वतः गेले.

नाताळ गेला, संक्रांत गेली. मार्च लागता लागता एक पाकीट आलं. दुसरी तबकडी निघाली नाही, निघणार नव्हती. चौघं बसले होते, भाऊंचं पत्र टेबलावर ठेवलं होतं. ते वाचून झालं. मग चौघांनी सामान उचललं, प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत गेले आणि तेच संथ गाणं एकदाच वाजवलं, घरगुती यंत्रावर भरून घेतलं आणि बँड बंद केला. ती कॅसेट पाकिटात होती. पत्राच्या शेवटी एक ओळ: ऐकणारा एक असेल तर एक गाणं देणं आम्हाला भाग आहे.

भाऊंनी पडदा ओढला, पंखा बंद केला. आम्ही दोघं ऐकत बसलो. गाणं संपलं, आणि त्यानंतर कॅसेटीत तीन ठोके आले. ठक, ठक, ठक. झाडूच्या दांड्याचे.

“म्हातारी,” भाऊ म्हणाले. मग जरा वेळानं, “तुमच्यासारखीच.”

ते गाणं त्यांनी कुठल्याच गिऱ्हाइकाच्या कॅसेटीत भरलं नाही. तबकडीवरची सात मात्र भरतच राहिले.

त्याच वर्षी माझी धुळ्याला बदली झाली. निघताना भाऊंनी माझ्या आवडीच्या नाट्यपदांची कॅसेट भरून हातात दिली. धुळ्याच्या भाड्याच्या खोलीत पहिल्याच दुपारी ती लावली. दुसरी बाजू संपत आली तसा मी सावध झालो. शेवटची तान संपली. मी उशी घट्ट धरून बसलो, आता पडतील ढोल म्हणून.

काहीच नाही. नुसती खरखर.

वाटलं, यंत्र बिघडलं. आवाज मोठा केला. खरखर मोठी झाली. बटण खटकन वर येईपर्यंत मी ऐकत राहिलो, चांगली चार मिनिटं. बटण वर आलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसानं देवाच्या आरतीला सोडलं नव्हतं. कोरी फीत त्यानं आयुष्यात कुणाला दिली नव्हती. मला दिली होती. मी नाही आवडत म्हणालो होतो, म्हणून.

धुळ्यात माझं चांगलं बस्तान बसलं. लग्न झालं, मित्र झाले, नाटकाची हौस निघाली, तोंडाळ म्हणून नाव झालं. पण ती कॅसेट लावली की शेवटी ती चार मिनिटं येत आणि मला ती कधी मध्येच बंद करता आली नाहीत. बायको म्हणे, संपलं की ते. मी म्हणे, थांब. दोन-तीन वर्षं मी असा खरखर ऐकत काढली. मग एका शनिवारी, मे महिन्यातच, कॅसेट खिशात घालून जळगावची एसटी पकडली.

दुकान होतं, पाटी होती, पण तोवर कंपन्यांच्या स्वस्त तयार कॅसेटी बाजारात आल्या होत्या आणि याद्या घेऊन येणारं कुणी उरलं नव्हतं. दुपारचे दोन. पडदा अर्धा ओढलेला. भाऊ त्याच स्टुलावर, गळ्यापर्यंत बटणं, फक्त सदरा आतल्या माणसाला मोठा झालेला. मी काही न बोलता कॅसेट काउंटरवर ठेवली.

“तक्रार आहे,” मी म्हणालो. “शेवटी कोरी आहे.”

भाऊंनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली. मला ओळखल्याची काही खूण नाही. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

“पूर्ण ऐकली का?”

“पूर्ण. बटण वर येईपर्यंत. दर वेळी.”

त्यांनी कॅसेट काउंटरवर परत ठेवली. मग म्हणाले, “तुम्हाला आवडत नाही, साहेब.”

“अजूनही नाही आवडत,” मी म्हणालो. “पण कोरी नको, भाऊ.”

ते उठले. पडदा पूर्ण ओढला. पंखा बंद केला. हेड पुसलं. माझी कॅसेट शेवटच्या तानेपर्यंत आणून थांबवली. मला वाटलं आता माठाजवळची तबकडी येणार. पण त्यांनी कपाटाच्या आतल्या कप्प्यातून इंग्लंडहून आलेली ती कॅसेट काढली आणि दुसऱ्या यंत्रात घातली. गाणं सुरू झालं. आम्ही दोघं त्या भट्टीत हात मांडीवर ठेवून बसलो. घाम पाठीवरून खाली उतरत होता आणि पुसायला हात उचलावासा वाटत नव्हता. गाणं संपलं, म्हातारीनं तीनदा भिंत ठोकली, आणि भाऊंनी बटण दाबलं.

“पूर्ण तक्रार पहिलीच,” ते म्हणाले.

मग त्यांनी कॅसेटीचा कागद काढला, पेन झटकलं, आणि नाट्यपदांच्या यादीखाली त्या वळणदार अक्षरात बँडचं नाव लिहिलं.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. तबकडीचं काय झालं मला माहीत नाही. कॅसेट माझ्याकडे आहे, यंत्राचा पट्टा मी दोनदा बदलून घेतला आहे, आणि मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी पंखा बंद करून ती लावतो. घरचे तेवढ्यापुरते दुसऱ्या खोलीत जातात.

नाव कागदावर आहे. ज्याला हवं असेल त्यानं येऊन विचारावं. अजून कुणी आलेलं नाही.